खड्ड्याआधी ठराव : वऱ्हाडात धुऱ्यावर आणि ई-क्लासवर झाडे लावताना

जुलै महिना लागला की रोपवाटिकेतून रोपांच्या गाड्या गावात येतात. शाळेची मुले, सरपंच, कृषी सहायक असे सगळे जमतात आणि दोनशे-चारशे रोपे एका दिवसात लागतात. पुढच्या मे महिन्यात त्याच जागी गेले तर काटक्या उभ्या दिसतात. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत हे चित्र अनेकांनी पाहिले आहे. कारण विचारले की उत्तर मिळते, "पाणी नव्हतं." हे खरे आहे, पण अर्धेच. त्याच गावात, त्याच उन्हाळ्यात संत्र्याची कलमे जगतात, कारण ती कोणाची तरी असतात. गावाने लावलेले झाड कोणाचे, त्याला पाणी कोणी द्यायचे आणि त्याचे फळ कोणी खायचे हे ठरलेले नसते. म्हणून या लेखात रोप लावण्याच्या पद्धतीइतकीच जागा रोपाच्या आधी करायच्या बोलणीला दिली आहे.

आधी हिशेब

गावाचे वन म्हटले की डोळ्यांसमोर एखादा मोठा सलग पट्टा येतो. तो सगळ्या गावांकडे नसतो. पण पांदण प्रत्येक गावाला आहे. एक किलोमीटर पांदणीच्या दोन्ही बाजूंना, ५ मीटर अंतरावर झाडे लावली तर ४०० झाडे होतात. ५ × ५ मीटरवर एक हेक्टर जमिनीतही ४००च झाडे बसतात. म्हणजे पांदणीला लागून वावर असलेले दहा-पंधरा शेतकरी तयार झाले, तर एकही एकर पिकाखालून न काढता गावाचे एक हेक्टर वन उभे राहते. शिवाय प्रत्येक झाडाला मालक असतो आणि त्याची विहीर, शेततळे किंवा निदान बैलगाडीवरचा ड्रम जवळ असतो.

त्यामुळे ज्या गावाला पहिल्यांदाच सुरुवात करायची आहे, त्याने आधी पांदण घ्यावी आणि ई-क्लास नंतर, असे आमचे मत आहे. पांदणीवर चार वर्षे झाडे जगवून दाखवलेली माणसे ई-क्लासची राखणही करू शकतात. उलट क्रमाने गेलेल्या गावांत बहुधा फक्त फलक उरतो.

पांदणीवरचे झाड कोणाच्या हद्दीत?

पांदण रस्त्याची जागा शासनाची असते. तिच्यात झाड लावले तर उद्या रस्ता रुंद होताना ते जेसीबीखाली जाते. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेसारख्या योजनांतून अनेक गावांत अशी कामे निघाली आहेत. रस्त्याची नकाशावरची रुंदी किती आहे ते तलाठ्याकडून आधी समजून घ्या. पांदण दोन्ही बाजूंनी दाबली गेली असेल तर तो प्रश्न झाडांच्या आधी सोडवा. त्यानंतर आपल्या हद्दीच्या आत निदान एक मीटर सरकून झाड लावा.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ नुसार, शासनाने राखून ठेवलेली झाडे सोडली तर धारण केलेल्या जमिनीवरच्या झाडांचा हक्क जमीनधारकाचा असतो. हे वाक्य बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. "झाड लावलं तर जमीन फॉरेस्टची होते" ही भीती आजही अनेकांच्या मनात आहे आणि ती बोलून दाखवली जात नाही. माणूस फक्त "पाहू" म्हणतो आणि बैठकीतून उठून जातो.

सामाईक धुरा आणि शेजारी

दोन वावरांमधल्या धुऱ्यावरचे झाड हा खरा नाजूक विषय आहे. वऱ्हाडात धुऱ्यावरून भावाभावांची बोलणी बंद झालेली घरे कमी नाहीत. त्यामुळे सामाईक धुऱ्याच्या मधोमध झाड लावू नका आणि हद्दीच्या दगडाजवळ खड्डा खणू नका.

सावलीचे गणितही समजून घ्यायला हवे. पावसाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सावली झाडाच्या बुडाशीच पडते. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली उत्तरेला लांब जाते. तुमच्या वावराच्या उत्तर धुऱ्यावर लावलेले झाड हरभऱ्याच्या दिवसांत शेजाऱ्याच्या पिकावर सावली पाडते. दक्षिण धुऱ्यावरचे झाड तुमच्याच पिकावर पाडते. पूर्व आणि पश्चिम धुऱ्यावरची सावली सकाळ-संध्याकाळ दोघांत वाटली जाते. शेजाऱ्याचा आक्षेप आला तर तो बहुधा उत्तर धुऱ्याबद्दल असतो, आणि तो रास्त असतो.

यावर तोडगे आहेत. उत्तर धुऱ्यावर उंच झाडांऐवजी सीताफळ, बोर किंवा शेवगा घ्या. उंच झाड आधीच असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खालच्या फांद्या छाटा. त्या फांद्या कुंपणाला आणि सरपणाला कामी येतात. मुळांचा त्रास होत असेल तर पिकाच्या बाजूने झाडापासून अंतर राखून दीड-दोन फूट खोल चर काढला की वरच्या थरातील मुळे तुटतात. हा चर दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढावा लागतो. एवढे करूनही झाडालगतच्या दोन-तीन तासांत कपाशी थोडी मागे राहणारच. ते नुकसान होणार नाही असे कोणालाही सांगू नका. एकदा खोटे ठरलात की पुढच्या वर्षी तो शेतकरी तुम्हाला धुऱ्यावर पाय ठेवू देणार नाही.

शेजाऱ्याशी झालेली बोलणी साध्या कागदावर लिहून घ्या: झाडे किती, कोणत्या जातीची, छाटणी कोण आणि कोणत्या महिन्यात करणार, शेजाऱ्याच्या बाजूला पडलेली फळे कोणाची, छाटलेल्या लाकडात वाटा किती. खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार असावेत. हा कागद कोर्टात नेण्यासाठी नाही. दहा वर्षांनी मुलांच्या हाती वावर गेल्यावर काय ठरले होते ते त्यांना कळावे, एवढ्यासाठी तो आहे.

आणखी एक आक्षेप रोही आणि रानडुकरांचा असतो. दाट झुडूप म्हणजे त्यांना दिवसा दडायला जागा, हे शेतकऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. त्यामुळे पिकाला लागून घनवन पद्धतीची अतिदाट लागवड आम्ही सुचवणार नाही. ती शाळेच्या आवारात किंवा गावठाणाजवळ ठीक आहे. शेताच्या कडेला झाडे विरळ, बुंधे मोकळे आणि खालची जमीन साफ ठेवा.

ई-क्लास : मोकळी दिसते, रिकामी नसते

वऱ्हाडात गावच्या चराईच्या सरकारी जमिनीला ई-क्लास म्हणतात. जमीन शासनाची आणि सांभाळ ग्रामपंचायतीकडे, अशी तिची स्थिती असते. त्यामुळे इथे लागवड करायची तर ग्रामसभेचा ठराव आणि महसूल खात्याची संमती या दोन्ही गोष्टी लागतात. सामाजिक वनीकरण विभाग लागवड करून देतो, पण काही वर्षांनी ती ग्रामपंचायतीच्या हवाली होते. हस्तांतरणाच्या त्या दिवसापासून राखणदार कोण, हे लागवडीच्या ठरावातच लिहिलेले असावे.

या जमिनीवर आज कोणाचे पोट आहे ते आधी पाहा. गावातले शेळीवाले, गुराखी, सरपण आणणाऱ्या बाया, बाहेरून येणारे मेंढपाळ, आणि कित्येक गावांत ई-क्लासचा तुकडा वर्षानुवर्षे वाहणारी भूमिहीन कुटुंबे. यातले बहुतेक ग्रामसभेत बोलत नाहीत. त्यांना विचारल्याशिवाय ठराव केला तर तो कागदावर एकमताने मंजूर होतो आणि जमिनीवर पहिल्याच उन्हाळ्यात मोडतो. अतिक्रमण हटवायचे साधन म्हणून वृक्षलागवड वापरू नका. वहितीचा प्रश्न महसूल कायद्याने सुटायचा आहे. रोपांना त्या भांडणात उभे केले तर रोपेच उपटली जातात.

चराई एकदम सगळीकडे बंद करू नये. जमिनीचे तीन भाग करा आणि पहिली तीन-चार वर्षे एकच भाग बंद ठेवा. बंद भागातले गवत कापून नेण्याची मुभा ठेवा आणि त्यात पहिला वाटा ज्यांची चराई बंद झाली त्यांना द्या. चराईबंदी केलेल्या माळावर पहिल्याच पावसाळ्यात गवत वाढलेले दिसते. झाडाचे उत्पन्न यायला सहा-सात वर्षे लागतात, गवताचे त्याच वर्षी मिळते. गुराख्याला झाडांच्या बाजूने वळवणारी गोष्ट बहुतेक वेळा हीच असते.

आणि प्रत्येक माळावर झाडे लावायलाच हवीत असेही नाही. अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजातील लोकांनी तणमोरासाठी गवताळ माळ राखले आहेत. तणमोराला उंच गवत लागते, जंगल लागत नाही. चांगले पवना-मारवेलचे गवत असलेला माळ तुमच्या गावात असेल तर तो गवताचाच राहू द्या आणि झाडे उघड्या पडलेल्या, धूप झालेल्या तुकड्यावर लावा.

पायविहीरचे उदाहरण

अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर हे छोटे गाव आहे. गावालगतची टेकडी उजाड झाली होती आणि लोक मजुरीसाठी बाहेर जात. वन हक्क कायदा, २००६ खाली २०१२ मध्ये गावाला १९२ हेक्टर वनजमिनीवर सामूहिक वन हक्क मिळाला. परतवाड्याची 'खोज' ही संस्था या कामात गावाबरोबर होती. हक्क हाती आल्यावर ग्रामसभेने चराई आणि तोडीचे नियम केले, राखण सुरू केली आणि रोजगार हमीतून मृद-जलसंधारण व लागवडीची कामे घेतली. टेकडीवरची सीताफळे गावाने 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने स्वतः विकायला सुरुवात केली. २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या गावाची सहल काढणारे बहुतेक जण सीताफळ पाहून येतात. पाहण्यासारखा आहे तो कामाचा क्रम: आधी हक्क, मग नियम, मग राखण आणि त्यानंतर लागवड. तुमचे गाव जंगलाला लागून असेल आणि पूर्वीपासून त्या जंगलावर अवलंबून असेल, तर सामूहिक वन हक्काचा दावा ग्रामसभेची वन हक्क समिती करू शकते. दर्यापूर किंवा बाळापूरच्या मैदानी गावांना हा मार्ग बहुधा नाही. त्यांना ई-क्लासवर ग्रामसभेच्या ठरावातूनच तसाच क्रम बांधावा लागतो. त्या ठरावात कोणते झाड कोणाचे, गवताचा आणि फळाचा लिलाव कसा, पैसे कोणत्या खात्यात, ढोर शिरले तर दंड किती आणि दंडाचे पैसे कशासाठी, हे सगळे स्पष्ट लिहा. दंड इतकाच ठेवा की तो खरोखर वसूल होईल.

जमीन पाहून झाड

उत्तरेकडे सातपुड्याचा पायथा आणि दक्षिणेकडे पातूर, बार्शीटाकळीच्या बाजूची मुरमाड जमीन सारखीच समजा. इथे सलग समतल चर काढून चराच्या मातीच्या भरावाजवळ रोपे लावावीत. सीताफळ, कडुनिंब, खैर, अंजन, आवळा, चारोळी आणि मोह या जाती चालतात. ढोरांची वर्दळ जास्त असेल तर सीताफळ आणि करंजाचे प्रमाण वाढवा, त्यांच्या पानांना शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. कडेने गिरिपुष्पाची दाट रांग लावली तर दोन-तीन वर्षांत जिवंत कुंपण होते आणि पाला कपाशीच्या वावरात हिरवळीचे खत म्हणून जातो.

खोल काळ्या जमिनीत, जिथे पाणी गोडे आहे, चिंच, जांभूळ, कडुनिंब, बांबू, आंबा असे बरेच पर्याय आहेत. नाल्याच्या काठाला जांभूळ आणि करंज घ्या. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि कोवळ्या मुळ्या उघड्या पडून तुटतात. फेब्रुवारीत बुडाशी हलकी खुरपणी करून भेगा बुजवा आणि वरून सोयाबीनचे कुटार किंवा तुरीच्या काड्यांचा जाड थर द्या. पाण्याइतकीच या एका कामाने रोपे वाचतात.

खारपाणपट्ट्यात मात्र बाहेरची शिफारस तशीच्या तशी लागू करू नका. पूर्णेच्या खोऱ्यातील दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांच्या बऱ्याच भागात जमिनीत सोडियम जास्त आहे आणि निचरा कमी आहे. इथे नेहमीसारखा खोल खड्डा केला की तो पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या टाक्यासारखा होतो आणि रोप सप्टेंबरच्या आतच मुळाशी कुजते. उन्हाळ्यात मेले असे आपण समजतो, पण ते आधीच मेलेले असते. म्हणून इथे रोप उंचवट्यावर लावा. फूटभर उंच वरंबा करून त्यात शेणखत आणि माती परीक्षणानुसार जिप्सम मिसळा, आणि बाजूने पाणी निघून जायला चर ठेवा. बोअरचे खारे पाणी रोपांना घालू नका, त्याने बुडाशी सोडियम आणखी साचतो. शेततळ्यातले पावसाचे पाणी वापरा. बाभूळ, कडुनिंब, करंज आणि बोर या जाती इथे तग धरतात. साग आणि संत्र्याचा मोह टाळा. वेडी बाभूळ आपणहून पसरते, ती कोणत्याही जमिनीत मुद्दाम लावू नये.

माती परीक्षण आणि जातींच्या निवडीसाठी अमरावती जिल्ह्यात घातखेड आणि दुर्गापूर (बडनेरा), अकोला जिल्ह्यात सिसा (उदेगाव) येथील कृषी विज्ञान केंद्रांत विचारा. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी वनीकरणावर संशोधन चालते, तिथली जुनी झाडे प्रत्यक्ष पाहून या. बारा-पंधरा वर्षांचे झाड धुऱ्यावर किती जागा घेते हे कोणत्याही तक्त्यापेक्षा तिथे चांगले कळते.

पाणी कोण आणणार?

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्या, म्हणजे माती तापते. लागवड दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करा, मान्यवरांच्या तारखेवर नको. दीड-दोन वर्षांचे, जाड बुंध्याचे रोप घ्या. पिशवीत मुळे गुंडाळलेले रोप परत करा. नांग्या ऑगस्टच्या आतच भरा.

आता ई-क्लासवरच्या एक हेक्टरचा हिशेब पाहा. ४०० रोपांना आठवड्याला १० लिटर म्हणजे ४,००० लिटर. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत साधारण १५ आठवडे धरले तर ६०,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरच्या टँकरच्या १२ खेपा. आणि हे दोन उन्हाळे. हा खर्च कोण करणार याचे उत्तर नसेल तर ४०० ऐवजी १०० रोपे लावा आणि उरलेल्या जागेत कडुनिंब, खैर, बाभळीचे बी पेरा. बियाण्यातून जागेवर उगवलेल्या झाडाचे सोटमूळ खोल जाते. ते हळू वाढते, पण पाणी कमी मागते.

रोजगार हमीतून लागवड आणि संगोपनाची मजुरी मिळू शकते, मात्र पुढच्या वर्षांची मजुरी जिवंत रोपांच्या टक्केवारीशी जोडलेली असते. नियम आणि दर बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचे अंदाजपत्रक ग्रामरोजगार सेवकाकडून पाहून घ्या आणि ठराव त्याआधी करू नका. शक्य असेल तिथे राखणीचे काम ज्यांची चराई बंद झाली त्यांच्यातल्याच कुटुंबाला द्या.

सातबारा आणि तोड

लावलेले झाड गाव नमुना १२ मध्ये नोंदवून घ्या. शेतकरी हे पुढे ढकलतात आणि पंधरा वर्षांनी तोडीच्या परवानगीच्या वेळी अडकतात. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन, अंजन, हिरडा यांसारखी झाडे आहेत. ती स्वतःच्या वावरातली असली तरी तोडण्याआधी परवानगी लागते. कडुनिंब आणि बाभूळ त्या यादीत नाहीत, तरी लाकूड गावाबाहेर नेण्याआधी वनविभागाकडे चौकशी करावी. वनाबाहेर वाढवलेला बांबू २०१७ च्या भारतीय वन अधिनियमातील दुरुस्तीने झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला आहे. ज्याला आठ-दहा वर्षांत पैसा हवा आहे आणि पाणी आहे, त्याने धुऱ्यावर बांबूचा विचार जरूर करावा.

मुलगी जन्माला आलेल्या शेतकरी कुटुंबांसाठी २०१८ मध्ये आलेल्या कन्या वन समृद्धी योजनेत १० रोपे मिळतात: ५ साग, २ आंबा आणि फणस, जांभूळ, चिंच प्रत्येकी १. ही पाचही झाडे वरच्या अनुसूचीतली आहेत. तेव्हा ती लावली की त्याच हंगामात तलाठ्याकडे नोंद करा. फणसाला अकोल्याचा उन्हाळा सोसत नाही, त्याला विहिरीजवळची किंवा घराच्या आडोशाची जागा द्या.

अलीकडे धुऱ्यावरच्या झाडांसाठी कार्बन क्रेडिटचे करार घेऊन लोक गावात येऊ लागले आहेत. करार किती वर्षांचा आहे, मध्येच झाड वाळले किंवा वावर विकले तर काय, आणि लाकडाचा हक्क कोणाकडे राहतो, ही तीन कलमे मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. करार गटाने असेल तर गटातल्या प्रत्येकाची प्रत ज्याच्या त्याच्या घरी असावी.